गच्चीवरची भाजी आणि कुंडीतलं लिंबू: मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला चौथ्या मजल्यावर आमची साडेचारशे चौरस फुटांची गच्ची आहे. तिच्यावर गेली चौदा वर्षं मी भाजी लावते. पाहुणे जिना चढून वर आले की पहिली पाच मिनिटं ‘अगंबाई, वांगीसुद्धा!’ असं होतं आणि मग प्रश्न सुरू होतात. तीच तीच उत्तरं देऊन मला ती पाठ झाली, म्हणून एकदाची लिहून काढली. महिने आणि मापं पुण्याच्या हवेची आहेत. कोकणात किंवा विदर्भात जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलंय.

बाग सुरू करायची आहे. आधी काय आणू?

काहीच आणू नका. एक खडू घ्या आणि रविवारी सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत दर तासाला ऊन कुठे पोचतंय त्याची कड आखा. टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी आणि सगळे वेल यांना सहा तास थेट ऊन लागतं. पाचावर भागतं. चारावर झाड नुसतं उंच होतं आणि फळ धरत नाही. मेथी, पालक, कोथिंबीर, माठ तीन-चार तासांत खूश असतात. पुदिना, अळू, ओव्याची पानं यांना तेवढंही नको.

हे ऊन वर्षभर एका जागी बसत नाही, ही गोष्ट मला दुसऱ्या वर्षी कळली. पुण्यात मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचे दिवस म्हणतात ते हेच. मधल्या काळात भर दुपारी तो चक्क आपल्या उत्तरेला असतो आणि दिवाळीनंतर दक्षिणेकडे कलतो. म्हणून दक्षिणेची गॅलरी थंडीत उन्हाने भरते, पण मे-जूनमध्ये तिच्यावर वरच्या मजल्याच्या स्लॅबची सावली असते. उत्तरेच्या गॅलरीत थंडीचं ऊन येतच नाही, तिथे डिसेंबरात टोमॅटो लावून रडण्यात अर्थ नाही. रोपं आणायला जाल तेव्हा आधी गॅलरीची दिशा सांगा. दिशा न विचारता ‘सगळं येतंय हो ताई’ म्हणणारा माणूस असेल तर दुसरी नर्सरी बघा.

आमच्याकडे फक्त दोन बाय सहाची गॅलरी आहे. काही येईल का?

मिरचीची दोन झाडं, कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ता, गवती चहा, लसणीची पात. रोजच्या स्वयंपाकाला मुठीने नाही तर चिमटीने लागणाऱ्या गोष्टी लावा. दोन फुटांत कोबी लावला तर तीन महिने जागा अडते आणि शेवटी एक गड्डा हातात येतो.

स्लॅबला वजन झेपेल का? सोसायटी नाही म्हणते.

सोसायटीचं सगळंच चूक नसतं, त्यामुळे हे जरा नीट वाचा. आपल्या भारतीय मानकात (आय.एस. ८७५) माणसांची ये-जा असलेल्या सपाट छतासाठी दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण दीडशे किलो भार धरलेला असतो. ओल्या मातीचं वजन लिटरला दीड किलोच्या पुढे जातं. म्हणजे गच्चीभर विटांचे वाफे करून त्यात नुसती सहा इंच माती ओतली, तरी दर चौरस मीटरला अडीचशे किलो होतात. असे वाफे इंजिनिअरला दाखवल्याशिवाय करू नका. जुन्या इमारतीत तर मुळीच नाही.

कुंड्यांचं गणित वेगळं आहे, कारण मधे मोकळी जागा राहते आणि मिश्रण हलकं करता येतं. बारा इंची कुंडीत नुसती माती भरली तर भिजल्यावर पंचवीस किलो होते. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कंपोस्टचं मिश्रण भरलं तर पंधरा-सोळा. मोठे ड्रम नेहमी तुळईच्या किंवा खांबाच्या वर ठेवा. खालच्या मजल्यावर जाऊन तुळया कुठून जातात ते बघून या. स्लॅबच्या मधोमध काही जड नको.

गळतीचं म्हणाल तर कुंडी कधीच थेट फरशीवर टेकवायची नाही. खाली दोन विटा किंवा स्टँड हवा, म्हणजे पाणी वाहून जातं आणि फरशी वाळते. आमच्या खालच्या घरात ओल आली तेव्हा सहा महिने सगळ्यांनी माझ्या वांग्यांकडे बोट दाखवलं. शेवटी प्लंबरने पाण्याच्या टाकीचा सांधा उघडून दाखवला. दिलगिरी अजून आलेली नाही.

माती कुठली वापरू?

काळी माती कुंडीत एकटी वापरू नका. भिजली की चिखल, वाळली की कडेने सुटून तडा जातो आणि पाणी त्या फटीतून थेट खाली उतरतं. तुम्हाला वाटतं झाडाला पाणी मिळालं. मी मापाच्या डब्याने चार डबे कंपोस्ट, तीन डबे कोकोपीट आणि तीन डबे पोयट्याची किंवा लाल माती घेते. प्रत्येक कुंडीला दोन मुठी निंबोळी पेंड. कोकोपीटची पाच किलोची वीट पाण्यात फुगून सत्तर लिटरच्या आसपास होते. ती दोन पाण्यांनी धुऊन घ्या, कारण नारळाच्या काथ्यात क्षार असतात.

आता माझी फजिती. पाचव्या वर्षी मी एका नर्सरीतून दहा पोती ‘तयार माती’ आणली. त्या पावसाळ्यात भेंडी गुडघ्याएवढी होऊन पिवळी पडली. खत दिलं, ताक दिलं, काही होईना. एक झाड उपटलं तर मुळांवर साबुदाण्याएवढ्या, काही बोराएवढ्या गाठी. सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे, डोळ्यांना न दिसणारे जंत. माती विकत आणली की हेही सोबत येऊ शकतात. उपाय असा की भर उन्हाळ्यात ती माती ओलसर करून गच्चीवर पातळ पसरायची, वर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून कडा दाबायच्या आणि चार-सहा आठवडे उन्हात भाजू द्यायची. त्यानंतरच्या हंगामात मी त्या सगळ्या कुंड्यांत झेंडू लावला, सूत्रकृमींना तो मानवत नाही म्हणून. दसऱ्याला फुलं विकत आणावी लागली नाहीत, एवढाच त्या वर्षीचा नफा.

एक मात्र सांगते. चवळी, गवार, घेवडा यांच्या मुळांवरही गाठी असतात आणि त्या चांगल्या. हवेतला नत्र धरून ठेवणारे जिवाणू त्यात राहतात. नखाने लोटली की अशी गाठ सहज सुटते आणि आत गुलाबी असते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं, ती सुटून येत नाही. माझ्या भाचीने चांगल्या गवारीची सहा झाडं या भीतीने उपटली होती.

कुंडी केवढी हवी?

पालेभाजीला सहा इंच खोली पुरते, मासळीचे थर्माकोलचे खोके उत्तम. मिरची, वांगं, टोमॅटो यांना प्रत्येकी पंधरा-वीस लिटर, म्हणजे रंगाची रिकामी बादली. वेलाला चाळीस लिटर. फळझाडाला पन्नासपासून शंभर लिटरचा अर्धा ड्रम. भोकं तळाला नको, तळापासून एक इंच वर कडेला पाडा, म्हणजे विटेने बंद होत नाहीत.

घरच्या कचऱ्याचं खत करते, पण वास येतो आणि अळ्या होतात.

वास येतो म्हणजे ओल जास्त आणि हवा कमी. वाळका पाला चुरून घाला. ओल्या कचऱ्याच्या एका भांड्याला वाळक्या पाल्याची किमान दोन भांडी, इतका हात सैल ठेवा. पाला नसेल तर कोकोपीट, लाकडाचा भुसा, फाडलेला पुठ्ठा चालतो. मुंग्या लागल्या तर उलटं, खत कोरडं पडलंय. एक तांब्या ताकाचं पाणी शिंपडा आणि हलवा. बादलीला चारी बाजूंनी भोकं हवीत. झाकणबंद डबा करून ‘कुजत नाही हो’ म्हणणारे मला वर्षाला चार तरी भेटतात.

अळ्या बघून किळस येते हे खरं. पण त्या तपकिरी-करड्या, चपट्या, खरखरीत पाठीच्या असतील तर काळ्या सैनिक माशीच्या आहेत. त्या खरकटं झपाट्याने संपवतात, माणसाला काही करत नाहीत आणि त्यांच्या माश्या घरातल्या माशीसारख्या अन्नावर बसत नाहीत. मी त्यांना राहू देते. सासूबाई त्या बादलीच्या बाजूला फिरकत नाहीत, तेही चालतं.

दोन-अडीच महिन्यांत खत तयार होतं. हातात घेऊन वास घ्या. पहिल्या पावसासारखा आला तर झालं. आंबूस आला तर अजून पंधरा दिवस. कच्चं खत कुंडीत घातलंत तर ते मुळाशी तापतं आणि रोप माना टाकतं.

जीवामृत घालावं का?

गोमूत्र-शेण मिळत असेल तर जरूर. विदर्भातल्या सुभाष पाळेकरांनी ते शेतकऱ्यांत पोचवलं, ते दोनशे लिटरच्या पिंपाचं प्रमाण आहे. गच्चीसाठी त्याचा दहावा हिस्सा करा: वीस लिटर पाणी, एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, दोनशे ग्रॅम गूळ, दोनशे ग्रॅम बेसन, बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवून दिवसातून दोनदा काठीने ढवळायचं. दोन दिवसांनी दहापट पाण्यात मिसळून कुंड्यांना घालायचं आणि आठवड्यात संपवायचं. शेजारी माहेरी गेले असताना करा.

कुठल्या महिन्यात काय लावू?

माझी आजी अक्षय तृतीयेला परसात आळी करून दोडका, काकडी, भोपळ्याच्या बिया टोचायची. तिच्याकडे आड होता. गच्चीच्या तापलेल्या कुंडीत मी तेच काम मेच्या अखेरीला, मृगाच्या आधी आठवडाभर करते. दोडका, कारलं, दुधी, काकडी, घोसाळं, भेंडी, गवार, चवळी हे सगळं तेव्हा. वांगी आणि मिरचीची रोपं त्याच वेळी ट्रेमध्ये टाकायची आणि सव्वा महिन्याने, पाच-सहा पानांवर आली की हलवायची. राहुरीच्या विद्यापीठाची फुले ज्योती मिरची घोसाने लागते. भेंडीत परभणी क्रांती जुनी आणि भरवशाची. मांजरी गोटा वांग्याला जागा जरा जास्त लागते, पण भरल्या वांग्याला दुसरं काही चालत नाही असं आमच्या घरी मत आहे.

गणपती झाले की टोमॅटो, फ्लॉवर, कोबीची रोपं. दसऱ्यापासून थंडीचा सगळा बाजार: मेथी, पालक, मुळा, गाजर, बीट, मटार, लसूण. मेथी तीन-चार दिवसांत वर येते आणि पंचवीस-तीस दिवसांत कापायची. थांबलात तर कडू आणि निबर. दर दहा दिवसांनी एक खोकं पेरत गेलं की संक्रांतीपर्यंत खंड पडत नाही. मटाराला खरी थंडी लागते. मुंबईतल्या नणंदेने तीन वर्षं लावला आणि दरवर्षी एका उसळीचासुद्धा निघाला नाही.

जानेवारी-फेब्रुवारीत पुन्हा भेंडी, काकडी, गवार. मार्चअखेर पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी बांधायची. नागपूर-चंद्रपूरकडे मेमध्ये पारा ४५ ला टेकतो, तिथे जाळी पंधरा दिवस आधी आणि कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा, म्हणजे मुळं भाजत नाहीत. कोकणात प्रश्न उलटा. आषाढात पालेभाजी उघड्यावर सडते, म्हणून तिकडचे शहाणे लोक तेव्हा टाकळा आणि कुर्डू खातात, जो कुणी लावत नाही.

काकू, माझी कोथिंबीर उगवतच नाही!

धणे अख्खे टाकलेस ना? धणा म्हणजे एक बी नाही, ते दोन बियांचं जोडफळ आहे. चपलेखाली किंवा लाटण्याने हलकेच रगडून दोन फोडी करायच्या, भुगा नाही. रात्रभर पाण्यात भिजवायचे, सकाळी फडक्यात बांधून ठेवायचे, दुसऱ्या दिवशी पेरायचे. वर अर्धा इंच माती. आठ-दहा दिवस लागतात आणि तेवढे दिवस वरची माती वाळू द्यायची नाही, म्हणून ओलं गोणपाट अंथर. पहिला कोंब दिसला की ते काढ. पाचव्या दिवशी उकरून बघायचं नाही, हे तुझ्या आईला पण सांग. आणि एप्रिल-मेमध्ये नाद सोड. उन्हाळ्यात ती चार पानांवर फुलोऱ्यावर येते.

टोमॅटोची फुलं गळतात. फळ लागलंच तर खालून काळं पडतं.

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुपार ३५ अंशांच्या वर जायला लागली की टोमॅटोचं परागण नीट होत नाही आणि फूल देठापासून सुटतं. मार्चनंतर पुण्यात हे व्हायचंच. थंडीत गळत असतील तर नत्र जास्त झालाय. पानं गडद, झाड तालीम केल्यासारखं आणि फळ नाही, हे त्याचं लक्षण. शेणखत थांबवा, राख एक मूठ द्या, आणि सकाळी दहाच्या सुमारास फुलांच्या घोसाला बोटाने टिचकी मारा, पराग पडतो.

बूड काळं पडणं हा रोग नाही. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नाही, आणि बहुतेक वेळा त्याचं कारण पाण्याची धरसोड. दोन दिवस कोरडं, तिसऱ्या दिवशी पूर. अंड्याची टरफलं घालायला हरकत नाही, पण ती कुजायला महिने जातात, या हंगामाच्या टोमॅटोला त्यांचा उपयोग नाही. रोज ठरावीक वेळी ठरावीक पाणी, आणि वर वाळक्या पाल्याचं आच्छादन. तेवढ्याने थांबतं.

दुधीला फुलंच फुलं आहेत, दुधी एकही नाही.

फुलाच्या मागे बघा. नुसता लांब देठ असेल तर नर फूल. देठाच्या जागी अंगठ्याएवढा लव असलेला छोटा दुधी असेल तर मादी. पहिले पंधरा-वीस दिवस नर फुलंच येतात, तेव्हा घाबरायचं नाही. मादी फुलं येऊन, बाळदुधी पिवळा पडून गळत असेल, तर परागण होत नाहीये.

इथे बरेच जण सकाळी ब्रश घेऊन जातात आणि हात हलवत येतात. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, रात्रीच्या पतंगांसाठी. मी दिवेलागणीला जाते. ताजं नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या मागे सोलून काढायच्या. मधे पिवळा परागदांडा राहतो. तो मादी फुलाच्या मधल्या चिकट गड्ड्यावर हलकेच दोन-तीनदा टेकवायचा. बोटाला पिवळी पूड लागली तर काम झालं. एका नरात दोन माद्या होतात. फुलाच्या देठाला मी लोकरीचा धागा बांधून ठेवते. चौथ्या दिवशी धाग्याजवळचा दुधी खाली मान घालून फुगलेला दिसला की वरूनच नवऱ्याला हाक मारते, आणि तो दरवेळी खालूनच ‘हं’ म्हणतो. दोडकाही संध्याकाळचा. कारलं, काकडी, भोपळा, घोसाळं मात्र सकाळचे, नऊच्या आत उरका.

घरचा दुधी कडू लागला. भाजीत साखर घालू का?

नाही. टाकून द्या, रसासकट. कडवटपणा कुकुरबिटासिन नावाच्या द्रव्याचा असतो, शिजवून जात नाही, आणि कडू दुधीच्या रसाने उलट्या, जुलाब, रक्तदाब कोसळणं इतपत झालेलं आहे, माणसं दगावलीही आहेत. चिरताना टोकाची एक चकती जिभेला लावून बघायची सवय ठेवा. काकडीलाही हेच.

मिरचीची पानं आकसून होडीसारखी झालीत.

याला बोकड्या म्हणतात, चुरडामुरडाही म्हणतात. पान वरच्या बाजूला वळलं असेल तर बहुधा फुलकिडे, खाली वळलं असेल तर कोळी (रस शोषणारा बारीक किडा, जाळ्यातला कोळी नव्हे). शेंडा गच्च आणि झाड खुरटं राहिलं तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू, तो बरा होत नाही. पहिल्या दोन्हींत आकसलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका, पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारा, मग निंबोळी. विषाणूचं झाड उपटायचं, कितीही जीव लागलेला असला तरी.

निंबोळी अर्क घरी कसा करतात?

वाळलेल्या निंबोळ्यांचा पन्नास ग्रॅम भरडा फडक्यात बांधून एक लिटर पाण्यात रात्रभर ठेवायचा, सकाळी पिळून घ्यायचा, गाळायचा, चिमूटभर साबणचुरा घालायचा. त्याच दिवशी संपवायचा. निंबोळ्या नसतील तर लिटरला पाच मिली निंबोळी तेल, पण आधी ते साबणाच्या पाण्यात घुसळून दुधाळ करा, नाहीतर तेल वर तरंगतं आणि पानं भाजतात. नेहमी ऊन उतरल्यावर. मावा, तुडतुडे यांना आठवड्यातून एकदा असं तीनदा पुरतं.

पिठ्या ढेकूण, म्हणजे जास्वंदीपासून वांग्यापर्यंत सगळीकडे दिसणारा पांढरा कापूस, त्याच्यावर फवारणी घसरते. जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढा. आणि मुंग्यांची रांग शोधा, त्या गोड द्रवासाठी त्याची राखण करतात आणि या फांदीवरून त्या फांदीवर नेतात. त्या कापसात भराभर चालणारा, मोठा, झालरी असलेला कापूस दिसला तर हात लावू नका. ती ढालकिड्याची अळी आहे, ती पिठ्याच खाते.

कढीपत्त्यावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काहीतरी आहे आणि ते चालतंय.

फुलपाखराची अळी. लिंबू आणि कढीपत्ता एकाच कुळातले, दोन्हींवर येते. मोठी झाली की हिरवी होते, आणि बोट लावलं तर डोक्यातून नारिंगी, दोन टोकांचं शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. नातवंडांना दाखवायला याहून चांगलं काही गच्चीवर नाही. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू ठरवलेली राणी पाकोळी, तिच्या अळ्याही लिंबाच्याच कुळावर वाढतात. रोप लहान असेल तर अळ्या उचलून एका जुन्या झाडावर सोडा. माझा एक कढीपत्ता मी त्यांच्या नावानेच ठेवलाय.

लिंबाला पाच वर्षं झाली, एक फूल नाही.

बी टाकून केलेलं असेल तर पाच वर्षं म्हणजे उशीर नाही. कलम असेल तर दोन-तीन वर्षांत यायला हवं. मग ऊन मोजा, सहा तासांच्या खाली लिंबू फळत नाही. ऊन असेल तर त्याचे लाड कमी करा. बागाईतदार बहार धरायला झाडाला ताण देतात, तेच कुंडीत करता येतं. पाणी हळूहळू तोडा, पानं दुपारी मलूल होऊन संध्याकाळी सावरतात इथपर्यंत. आठ-दहा दिवस असं ठेवलं की वरची माती हलवून दोन ओंजळी कंपोस्ट आणि निंबोळी पेंड, आणि मग भरपूर पाणी. तीनेक आठवड्यांत पालवीबरोबर कळ्या दिसतात. फुलापासून पिवळ्या लिंबाला पाच-सहा महिने धरा. ताण देतोय म्हणून पंधरवडाभर गावाला निघून जाऊ नका, कुंडीतलं झाड तेवढ्यात मरतं. पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह-जस्त कमी आहे, सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणी घ्या.

ड्रममध्ये आणखी कुठली फळं येतात?

पेरू सगळ्यात सोपा. ‘सरदार’ घ्या, जुने माळी त्याला एल-४९ म्हणतात. एल म्हणजे लखनौ, पण त्याची निवड झाली १९२७ साली आपल्या गणेशखिंडीच्या फळसंशोधन केंद्रात. फळं काढून झाली की फांद्या छाटा, नव्या फुटीवरच फूल येतं. अंजीर आणि डाळिंब मन लावून फळतात, पावसाळ्यात अंजीर पक्ष्यांचं. पपईत नर-मादीची भानगड नको असेल तर तैवान ७८६, मात्र तिचं बी पुढे धरू नका. चिकूचं कलम खिरणीवर बांधलेलं असतं आणि तो संथ, घाई असलेल्यांनी लावू नये. आंब्यात हापूसचा हट्ट सोडा. आम्रपाली घ्या. ती दशहरी आणि नीलम यांचा संकर, ठेंगणी आहे आणि ड्रममध्ये डझनभर आंबे देते. स्ट्रॉबेरी नोव्हेंबर ते फेब्रुवारी मजा म्हणून.

पाणी किती? आणि गावाला गेल्यावर?

बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला, ओल लागली तर आज नको. आरओचं टाकाऊ पाणी रोज वापरू नका, क्षार साचून कुंडीच्या कडेला पांढरी रेघ येते. तांदूळ-डाळी धुतलेलं खुशाल. बशीत पाणी साचू द्यायचं नाही, डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तिथे तयार होतो. चार दिवसांच्या गावासाठी कुंड्या सावलीत एकत्र करा आणि उंचावरच्या बादलीतून प्रत्येकीत सुती साडीची वात सोडा. त्याहून जास्त दिवस असतील तर शेजारणीला चावी आणि परत आल्यावर तिला पेढे.

कबुतरं रोपं उपटतात. माकडं येतात.

कबुतरांसाठी मातीत काड्या टोचा, टोकं वर, किंवा मासेमारीची जुनी जाळी टाका. चकाकत्या सीडीला ती आठ दिवसांत सरावतात. माकडांवर माझ्याकडे उपाय नाही. रत्नागिरीच्या मावशीने पंचवीस वर्षं प्रयत्न करून आता हळद, आलं, अळू आणि सुरण एवढंच ठेवलंय.

बी घरचं धरता येईल का?

पाकिटावर ‘संकरित’ किंवा ‘एफ-१’ लिहिलं असेल तर पुढच्या पिढीत काहीही निघतं. सुधारित किंवा गावठी वाण असेल तर धरा. वाल, घेवडा, टोमॅटो सोपे, स्वतःचं स्वतः फळतात. मिरची आणि वेल शेजारच्या वाणाशी संकर करतात. फळ झाडावरच पूर्ण पिकू द्या, बी सावलीत वाळवा, राख लावून काचेच्या बाटलीत ठेवा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियांची अशीच बँक उभी केली आणि त्यांना पद्मश्री मिळाली. पाकिटातल्या गुलाबी-निळ्या बियांना बुरशीनाशक चोळलेलं असतं, त्या पोरांच्या हातात देऊ नका.

खरं सांगा, हे विकतपेक्षा स्वस्त पडतं का?

पहिली दोन वर्षं नाही. तिसऱ्यापासून मिरची, कढीपत्ता, पालेभाजी आणि लिंबू यांचे पैसे वसूल होतात. कांदे, बटाटे, कोबी यांचे कधीच होत नाहीत, ते मंडईतून आणा. आमच्याकडे आठवड्यातले चार दिवस गच्चीची भाजी असते. श्रावणात पाच, मेमध्ये एक, तीही अळूची.

एखादं रोप मिळेल का?

मिळेल. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात या, मिरची आणि वांग्याची रोपं दरवर्षी जास्तच होतात. पिशवी घरून आणा. आणि मागच्या वर्षी ज्यांनी पुदिन्यासकट माझी निळी कुंडी नेली, त्यांनी पुदिना ठेवून घ्या, कुंडी तेवढी परत करा.